डाळिंबाचं रोप घरी वाढवताना: कुंडीतली पहिली दोन वर्षं

जुलै-ऑगस्टमध्ये ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "जूनमध्ये आणलेलं डाळिंब पिवळं पडलंय गं, कुठलं खत घालू?" मी आधी विचारते, मातीत बोट घालून बघितलंस का? तर माती चिकट, गच्च ओली, आणि कुंडीखालच्या ताटलीत दोन दिवसांचं पाणी. त्या रोपाला खत नको असतं, श्वास घ्यायला जागा हवी असते.

माझं माहेर सांगोला तालुक्यातलं. आजूबाजूला सगळ्या डाळिंबाच्या बागा, पाऊस बेताचा, जमीन हलकी मुरमाड. हे झाड तिथे सुखात असतं. पुण्यात गच्चीवर पहिल्यांदा कुंडीत डाळिंब लावलं तेव्हा वडिलांनी एकच गोष्ट सांगितली, "पाण्याकडे बघू नकोस, वाफशाकडे बघ." वाफसा म्हणजे माती ओलसर आहे, पण तिच्यात हवाही खेळते आहे अशी स्थिती. पुढचं सगळं या एका शब्दाभोवती फिरतं, म्हणून तो आधीच सांगून टाकला.

रोप कुठून आणायचं

खाल्लेल्या डाळिंबाच्या बिया सहज उगवतात. दाणे चाळणीत घेऊन नळाखाली चोळायचे, सगळा गर निघून जाऊ द्यायचा (राहिला तर बुरशी धरते), दोन दिवस सावलीत सुकवायचे आणि अर्धा इंच खोल पेरायचे. उबदार हवेत दोन ते चार आठवड्यांत कोंब वर येतात. मुलांना रुजवण दाखवायला याहून सोपं काही नाही. पण बाजारातून आणलेल्या भगव्याच्या बीपासून भगवाच मिळेल असं धरून चालू नका. भगवा हा संकरातून निवडलेला वाण आहे, त्यामुळे प्रत्येक बी वेगळ्या गुणांचं झाड देऊ शकते. फळ कसं निघतं ते कळायलाच तीन-चार वर्षं जातात.

अर्थात बियांच्या झाडांतूनच मोठ्या गोष्टी घडल्यात. आपला गणेश वाण १९३६ साली फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी पुण्यात गणेशखिंडीच्या फळबागेत 'आळंदी' वाणाच्या बियांपासून वाढवलेल्या झाडांतून निवडला. पुढे गणेश आणि रशियातून आलेला 'गुल-ए-शाह रेड' यांच्या संकरातून मृदुला निघाला, भगव्याचं कूळही तेच. पण एक झाड निवडायला आधी पुष्कळ झाडं वाढवावी लागतात, आणि तेवढी जागा गच्चीवर नसते.

म्हणून घरासाठी गुटी कलमाचं, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून वेगळं केलेलं रोप घ्या. गुटीचं झाड मूळ झाडासारखंच निघतं. वाण कोणता, तर भगवा सगळीकडे मिळतो, रंग गडद, साल जाड. गणेशचे दाणे फिके गुलाबी, पण बी इतकी मऊ की लहान मूलही न थुंकता खातं. आमच्या घरी आजही गणेशच आधी संपतो. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने काढलेला 'सोलापूर लाल' मिळाला तर तोही लावून बघा, त्यात लोह आणि जस्त जास्त असतं. कृषी विद्यापीठाची किंवा सरकारमान्य रोपवाटिका जवळ असेल तर तिथूनच घ्या.

शोभेच्या डाळिंबाबद्दल मात्र सावध राहा. गुलाबासारख्या गच्च पाकळ्यांचं फूल असलेलं एक डाळिंब विकायला असतं. दिसतं सुंदर, पण ते फुलांसाठीच असतं. दुसरं बुटकं झुडूप असतं, त्याला लिंबाएवढी नुसती दिखाऊ फळं लागतात. विकत घेताना "खायचं डाळिंब हवं, वाण कोणता?" असं स्पष्ट विचारा.

आता मुळांविषयी. काही वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून मी एक अगदी देखणं रोप आणलं. पानं चकचकीत, उंची दोन फूट. चार महिने ते तसंच्या तसं राहिलं, ना वाढ ना मरण. शेवटी कुंडी उलटी केली. बारीक मुळांवर मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या, जणू मण्यांची माळ ओवली आहे. सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारे हे जंत मुळांत शिरून अन्नपाणी अडवतात आणि त्यांनी केलेल्या जखमांतून मर रोगाची बुरशीही आत शिरते. ते रोप मी मातीसकट काढून टाकलं. ती माती दुसऱ्या कुंडीत घातली असती तर तिथेही हेच झालं असतं.

तेव्हापासून मी रोप घेताना वरून कमी आणि खालून जास्त बघते. पिशवीच्या भोकांतून डोकावणारी मुळं पांढरट-पिवळसर, सरळ आणि गाठी नसलेली हवीत. काळी पडलेली, बोटाने ओढताच साल सुटणारी नकोत. पानांवर तेल सांडल्यासारखे डाग असतील तर ते रोप सोडा, आणि त्याच्या शेजारचंही. दोन फुटी किडकिडीत रोपापेक्षा फूटभर उंचीचं, पेन्सिलीएवढ्या खोडाचं रोप कधीही बरं.

कुंडी आणि माती

पहिल्या वर्षी दहा-बारा इंची कुंडी पुरते. लहान रोप एकदम वीस इंची कुंडीत लावलं की मुळं पोचत नाहीत तिथली माती ओली राहते आणि आंबते. दीड वर्षाने अठरा ते वीस इंचीत हलवा. मातीची कुंडी सगळ्यात चांगली, कारण तिच्या भिंतीतून पाणी उडून जातं. ग्रो बॅगही चालते. प्लास्टिकची असेल तर तळाला निदान पाच-सहा भोकं पाडा. कुंडी विटांवर ठेवा, म्हणजे भोकं बुजत नाहीत आणि गच्चीही खराब होत नाही.

मिश्रण माझं असं: दोन भाग लाल किंवा पोयटा (गाळाची) माती, एक भाग जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, वर दोन मुठी निंबोळी पेंड आणि चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी). शेणखत काळं, भुसभुशीत आणि वास नसलेलं हवं. ताजं शेण मुळांना भाजतं आणि मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळीला बोलावतं. कोकोपीट घालायचंच असेल तर मूठभर, कारण पावसाळ्यात ते स्पंजासारखं भिजून बसतं. शेतातली काळी माती कुंडीत भरू नका. ओली असताना ती लोणी, सुकली की वीट.

कुंडी भरून झाली की रोप लावण्याआधीच तांब्याभर पाणी ओतून बघा. मिनिटा-दोन मिनिटांत ते खाली निथळलं पाहिजे. वर तळं करून बसलं तर वाळू वाढवा. ही परीक्षा न घेता पुढे जाऊ नका, नंतर दुरुस्तीला रोपच उपटावं लागतं.

लावायला पहिल्या दोन पावसांनंतरचा काळ उत्तम, नाहीतर थंडी ओसरतानाचा जानेवारीचा शेवट-फेब्रुवारी. भर उन्हाळ्यात आणलंत तर चार दिवस सावलीत पाणी देत ठेवा आणि संध्याकाळी लावा. पिशवी ब्लेडने उभी चिरा, मातीचा गड्डा फुटू देऊ नका. पिशवीत जेवढं खोड मातीत होतं तेवढंच कुंडीत जाऊ द्या. खोडाला माती चढवली तर बुंध्याशी ओल राहून साल कुजते. कडेला हलक्या हाताने दाबा, काठी रोवून सुतळीने सैल बांधा, भरपूर पाणी द्या. आठ-दहा दिवस अर्धसावली, मग थेट ऊन. डाळिंबाला रोज निदान सहा तास ऊन लागतं. खिडकीतल्या उजेडावर रोप जगेल, पण फुलांची आशा नको.

पाणी

दोन पेर बोट मातीत घाला. खाली गारवा लागला तर आज पाणी नाही. शंका असेल तर तिथली चिमूट-दोन चिमूट माती काढून मुठीत दाबा. गोळा झाला, बोटाने टिचकी मारताच फुटला आणि तळवा ओला झाला नाही, तर तो वाफसा. गोळा फुटलाच नाही, तळव्याला चिखल लागला, तर दोन दिवस थांबा. माती हातातून धुळीसारखी निसटली तर मात्र लगेच पाणी द्या, आणि खालून निथळेपर्यंत द्या. रोज वाटीभर पाणी देण्याची सवय फार वाईट. त्याने वरचा इंच ओला राहतो, मुळं वरच घुटमळतात आणि उन्हाळ्यात तीच आधी भाजतात.

वार ठरवून पाणी देऊ नका. पुण्याच्या हवेत माझ्याकडे हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी एकदा, एप्रिल-मेमध्ये लहान कुंडीला रोज आणि पावसाळ्यात कधी कधी तीन आठवडे अजिबात नाही. कोकणात किंवा गोव्यात असाल तर पावसाळाभर कुंडी पागोळ्यांपासून दूर, छपराच्या कडेला ऊन येईल अशी ठेवा. ताटली जूनमध्ये काढून टाका, दिवाळीनंतर हवी तर लावा.

मे महिन्यात दुपारी दोनला पानं मलूल दिसतात. तेवढ्यावरून पाणी ओतू नका. संध्याकाळी ती सावरतात. सकाळी सातलाही माना पडलेल्या असतील तर खरी तहान. उलट ओल्या मातीत मान टाकलेलं रोप असेल तर मुळं कुजायला लागली आहेत, कुंडी आडवी करून पाणी निथळवा आणि माती मोकळी करा. गच्चीवर कुंडीची भिंत तापते, म्हणून उन्हाळ्यात बाहेरून गोणपाट गुंडाळा आणि वर वाळलेला पाला किंवा उसाचं पाचट दोन इंच पसरा, खोडापासून चार बोटं लांब.

थंडीत किंवा पाण्याचा ताण बसला की डाळिंब पानं गाळतं. दर हिवाळ्यात कुणीतरी असं झाड मेलं म्हणून फेकून देतं, आणि मला खरंच वाईट वाटतं. फेकण्याआधी फांदीवर नखाने हलकं खरवडा. सालीखाली हिरवी ओलसर रेघ दिसली तर झाड झोपलंय. पाणी कमी करून वाट बघा, फेब्रुवारीत तांबूस कोवळी फूट निघेल. तपकिरी कोरडं लागलं तर खाली खाली खरवडत जा, बरेचदा बुंध्याशी जीव असतो.

आकार आणि फुटवे

डाळिंब मुळातच झुडूप. बुंध्यातून फुटवे काढत राहणं हा त्याचा स्वभाव. शेतकरी तीन-चार खोडं राखतात, कारण एखादं खोडकिडीने गेलं तरी झाड उरतं. कुंडीत दोन पुरेत. रोप दीड-दोन फुटांचं झालं की शेंडा खुडा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतील. चार दिशांना गेलेल्या चार-पाच ठेवा, आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या काढा. बुंध्यातून आणि खोडातून सरळ सोट वर जाणारे जोमदार फुटवे दिसले की कोवळे असतानाच अंगठ्याने मोडा. आठवड्यात एकदा हे काम दोन मिनिटांचं असतं, दोन महिने विसरलात की सिकेटर (छाटणीची कात्री) लागतं. कात्री वापराल तर आधी स्पिरिटने पुसा, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जातानाही पुसा. फांद्यांची टोकं काटेरी असतात, तेव्हा घरात लहान मुलं असतील तर कुंडी येण्याजाण्याच्या वाटेवर नको.

सगळ्यात अवघड भाग फुलांचा. गुटीचं रोप सहा-आठ महिन्यांतच शेंदरी फुलं दाखवायला लागतं. ती खुडायची. पहिली दीड-दोन वर्षं सगळी. हात धजत नाही, मला ठाऊक आहे, पण बोटाएवढ्या खोडावर अडीचशे ग्रॅमचं फळ पोसायला लावलं तर झाडाची मुळं तिथेच थांबतात. खुडण्याआधी मात्र फुलं निरखून बघा. काहींचा तळ निमुळता असतो, घंटेसारखा. ती नर, ती आपणहून गळतातच. काहींचा तळ फुगीर, छोट्या कलशासारखा. फळ यांनाच धरतं. पुढे "एवढी फुलं आली आणि गळून गेली" म्हणून घाबरायचं कारण उरत नाही.

खताचं थोडक्यात: लावल्यावर दीड महिना काही नाही. मग महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत, दर तीन महिन्यांनी मूठभर निंबोळी पेंड. नवी फूट येत असताना द्यायचं, पानगळीत आणि सततच्या पावसात थांबायचं. युरिया कुंडीत नको. त्याने पानं माजतात आणि माव्याला मेजवानी होते.

रोग आणि किडी

मावा कोवळ्या शेंड्यांवर, बहुतेक थंडीत येतो. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. नाहीच हटला तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबतेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारा. फांदीवर मुंग्यांची रांग लागली असेल तर वरती मावा किंवा पिठ्या ढेकूण आहेच असं समजून शोधा. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने, स्पिरिट लावून पुसता येतो.

खोडाजवळ लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर खोडकिडा. भोकात बारीक तार घालून अळी मारा, रॉकेलमध्ये बुडवलेला कापूस आत सारा आणि चिखलाने लिंपा. उशीर करू नका, लहान खोड ती महिन्याभरात पोकळ करते.

तेल्या या रोगाने महाराष्ट्रातल्या कित्येक बागा उपटायला लावल्या. हा जिवाणूंचा रोग. पानावर आधी पाण्याने भिजल्यासारखा बारीक ठिपका येतो, उजेडापुढे धरला तर तेलकट चमकतो, मग तपकिरी होतो आणि भोवती पिवळी कड उमटते. पावसाळी दमट हवेत, पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर पसरतो. म्हणून पाणी बुंध्याशी द्यायचं, पानांवर नाही. डाग असलेली पानं कोरड्या दिवशी खुडून पिशवीत बंद करून टाका, कुंडीत कुजवू नका.

पावसाळ्याआधी मी लहान रोपांवर अर्धा टक्का बोर्डो मिश्रण फवारते. दहा लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि पन्नास ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात विरघळवायचे, चुना गार झाल्यावर गाळून घ्यायचा आणि मग दोन्ही धारा एकदम तिसऱ्या बादलीत ओतायच्या. धातूचं भांडं नको. आभाळी निळं मिश्रण तयार होतं. त्यात लोखंडाचा स्वच्छ खिळा मिनिटभर बुडवून काढा. त्याच्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, पानं भाजतील. अजून थोडी चुन्याची निवळी घाला आणि खिळा पुन्हा बुडवा. खिळा पांढरा-करडाच निघाला की फवारा, आणि त्याच दिवशी संपवा. हातमोजे आणि मास्क घालूनच.

एकच फांदी पिवळी पडली, वाळली आणि मग शेजारची, असं होत गेलं तर मर रोग. कुंडीतल्या रोपाला यातून वाचवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. मातीसकट काढायचं, कुंडी धुऊन कडक उन्हात आठवडाभर ठेवायची.

दुसऱ्या वर्षानंतर

कुंडी बदलून झाड स्थिरावलं की पहिली फळं धरायला हरकत नाही. बागाईतदार तीन बहारांबद्दल, म्हणजे फुलं धरण्याच्या हंगामांबद्दल बोलतात: जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे बहार, जून-जुलैचा मृग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त. कुंडीसाठी मला हस्त आवडतो, कारण फळ कोरड्या हवेत वाढतं आणि तेल्याचा त्रास कमी होतो. पहिल्या खेपेला चार, फार तर पाच फळं ठेवा, तीही झाडाच्या आतल्या जाड फांद्यांवरची. लिंबाएवढी झाली की प्रत्येकाला पातळ कापडी पिशवी बांधा, फळ पोखरणाऱ्या अळीचं फुलपाखरू त्यावर अंडी घालू शकत नाही. फुलापासून तयार फळापर्यंत साडेपाच-सहा महिने लागतात. या काळात वाफसा मोडू देऊ नका. आठवडाभर कोरडं आणि मग एकदम भरपूर पाणी झालं की साल तडकते. गोल फळाला कोन पडले, बाजू चपट्या दिसल्या, देठाविरुद्धची मुकुटाची टोकं आत मिटली की काढा. सिकेटरने कापा, ओढू नका.

झाड निरोगी निघालं, मुळांत गाठी नाहीत आणि पानांवर कधी तेलकट डाग आला नाही, तर तिसऱ्या पावसाळ्यात त्याचीच गुटी बांधा. जुलैमध्ये पेन्सिलीएवढी जाड, वर्षभराची फांदी निवडायची. टोकापासून दीड फूट मागे इंचभर रुंदीची साल गोल काढायची आणि आतलं बुळबुळीत आवरण चाकूने खरवडायचं. ते राहिलं तर साल परत जुळते आणि मुळं फुटत नाहीत. वरच्या कडेला रूटिंग हार्मोनची पूड लावायची. भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (वाळलेलं शेवाळ) मूठभर गुंडाळायचं, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने आवळून बांधायची. मग हात लावायचा नाही. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकच्या आतून पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळं दिसायला लागतात. लगेच कापू नका. ती किंचित तपकिरी होऊ द्या, मग गुटीच्या खालून फांदी कापा, अर्धी पानं काढा, प्लास्टिक सोडवून मॉससकट लहान पिशवीत लावा आणि तीन आठवडे सावलीत ठेवा. यातलं एक रोप मी दरवर्षी कुणाला तरी देते, आणि देताना पिशवी उचलून खालची मुळं दाखवते.